गाडी कोणाला, घाट कोणता

कोल्हापुराहून पश्चिमेला जायचं तर सह्याद्री उतरावा लागतो, आणि सह्याद्री उतरायचा तर आधी घरात मतदान घ्यावं लागतं. उत्तरेकडून मोजत या: आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली. झाले सहा घाट. चंदगडकडचा तिलारीचा धरला तर सात. इतके घाट हाताशी असणं हे भाग्याचं लक्षण, असं आमचे भूगोलाचे मास्तर सांगायचे. त्यांना गाडी लागत नसावी.

आमच्या घरात लागते. कुणाला कुठला घाट लागतो याची नोंद आईच्या डोक्यात पक्की आहे, लग्नातल्या आहेराच्या वहीसारखी. तिला स्वतःला आंबोली लागते, फोंडा लागत नाही. मुलाला करूळ लागतो, तोही उतरताना. चढताना तो वेफर्स खातो. मुलीला भुईबावड्यात एकदा असं झालं, की त्यानंतर आम्ही गाडीचं सीट कव्हर बदललं. बायकोचं माहेर सांगलीचं, म्हणजे घाट म्हटला की नदीचा, चार पायऱ्या उतरून पाय धुवायचा. वळणावळणाचा रस्ता ही तिच्या मते कोल्हापूरकरांनी मुद्दाम काढलेली खोडी आहे. आबांना मात्र काही लागत नाही. फक्त वेळेवर चहा लागतो.

मे महिना उजाडला, मुलांच्या शाळा सुटल्या आणि मला तीन दिवसांची रजा मिळाली. रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर बैठक बसली. अटी सोप्या होत्या. गाडी आपली, अंतर दीड-दोनशे किलोमीटरच्या आत, आणि आबांचं कलम वेगळं: "दिस मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं. रातीचं गाडी मारायची न्हाय."

खरं दुखणं अटींचं नव्हतंच. पुण्याचा पाहुणा आला की तो अंबाबाई, रंकाळा, मिसळ, पन्हाळा आणि तांबडा-पांढरा दोन दिवसांत उरकतो आणि जाताना म्हणतो, "मजा आहे तुमची, सगळं कसं जवळ आहे!" जवळ आहे हेच तर. गड, जंगल, समुद्र, दुसरं राज्य, कशालाही सकाळी निघून दुपारी पोचता येतं. आणि जवळचं असेल तिथं आम्ही फिरायला जात नाही, 'जाऊन येतो'. त्याला ट्रिप म्हटलं की गल्लीत हसतात.

पन्हाळ्याचंच बघा. घरापासून वीस किलोमीटर. शाळेच्या सहलीला गेलो, कॉलेज बुडवून गेलो, लग्न ठरल्यावर हिला घेऊन गेलो, आणि त्यानंतर प्रत्येक पाहुण्यामागे एकदा. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा महाराज चार महिन्यांवर गडावर अडकून होते. शेवटी जुलैतल्या पावसाळी रात्री निसटले. आमचा वेढा कधी उठतच नाही. तरी मुलानं जोर लावला, "बाबा, पन्हाळा आता युनेस्कोच्या यादीत आहे. २०२५च्या जुलैत आला. जागतिक वारसा!"

"आधी काय गल्लीचा हुता व्हय?" आबा म्हणाले. विषय संपला.

महाबळेश्वरचं नाव निघालं तसं आबांनी हात आडवा केला. मे महिन्यात तिथं सगळी पुणे-मुंबई लोटलेली, गाडी लावायला जागा शोधण्यात एक दिवस, सापडलेली जागा सोडवत नाही म्हणून दुसरा, आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आलेला. दाजीपूर मुलानंच काढलं. त्याला गवा बघायचा होता. १९५८ साली झालेलं अभयारण्य, त्याआधी शाहू महाराजांच्या शिकारीचं रान, मी माहिती देत होतो. आई म्हणाली, "गवा आताशा आपनच येतोय की शहराच्या वेशीपतुर. पावना दारात येत असला तर त्याच्या घरी कशाला जायाचं?"

मी खिद्रापूर सुचवलं. कोपेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ, अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप, वर मधोमध गोल मोकळं आकाश. माझं आवडतं ठिकाण. मी बोलत असताना सगळे माझ्याकडे शांतपणे बघत होते. ते ऐकत आहेत असं मला वाटलं. मग मुलगी म्हणाली, "बाबा, मे महिन्यात. दुपारी. दगडावर. अनवाणी." माझ्या प्रस्तावातून फक्त वाटेवरच्या नरसोबाच्या वाडीतली बासुंदी तेवढी मंजूर झाली, तीही 'पुढंमागं कधीतरी'.

आंबोलीला निपाणीवरून जाताना मध्येच कर्नाटक लागतं आणि मोबाइलवर स्वागताचा संदेश येतो, एवढ्यावर मुलगा तिला फॉरेन ट्रिप म्हणायला तयार होता. पण आंबोली पावसाची. मे महिन्यात तिथं जायचं म्हणजे धबधब्याची जागा बघून यायची. शिवाय आईची वही आडवी आली.

मग मुलीनं धीर करून गोव्याचं नाव घेतलं. गच्चीवर एकदम शांतता. आई आबांकडे बघायला लागली, आबा माझ्याकडे, मी पाण्याच्या टाकीकडे. पण आबा रागावले नाहीत. उलट खुलले. म्हणाले, "जाऊया की! मंगेशी करूया, शांतादुर्गा करूया, म्हाळसा, नागेशी... सकाळी लवकर उठलं तर एका दिवसात धा देवळं हुत्यात." चार वाक्यांत त्यांनी गोव्याची पंढरी करून टाकली. मुलीनं प्रस्ताव मागं घेतला.

अशा रीतीनं एकेक नाव गळत जाऊन जे उरलं, त्याला आम्ही निवडलं असं म्हणतो. गणपतीपुळे. मुलांना समुद्र, म्हाताऱ्यांना देव, आणि दोन्ही एका आवाराच्या भिंतीला लागून, म्हणजे एकमेकांवर नजर ठेवायला सोपं. आंबा घाट कुणालाच विशेष लागत नाही असं वहीत निघालं. अंतर दीडशेच्या आतबाहेर. पुळ्यात खोल्या अर्थातच भरलेल्या होत्या. शेजारच्या मालगुंडात एका घरगुती ठिकाणी दोन मिळाल्या.

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, त्याप्रमाणे आठला निघालो. सामानात अर्धी जागा खाण्याची. कोल्हापूरचा माणूस स्वर्गात निघाला तरी कांदा-लसूण चटणीची बरणी बरोबर घेईल. तिकडं अमृत असेल, पण त्याला झणका असेल याची खात्री कोण देणार? गाडी लागू नये म्हणून आईनं प्रत्येकाच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरलं. हा उपाय कसा चालतो हे मला आजवर कळलेलं नाही, पण आमच्या घरात वाचण्यापेक्षा बसण्यासाठीच पेपर जास्त विश्वासानं घेतला जातो. आलेपाक, आवळासुपारी, लिंबू, गोळ्या आणि पिशव्या, असा दारूगोळा हिच्या मांडीवर.

वाघबिळाला पन्हाळ्याचा फाटा आला. गाडीत अजून गारवा होता, मुलं पुरती जागी नव्हती. आबा काचेतून गडाकडे बघत म्हणाले, "वर जाऊन झुणका-भाकर खाऊन परत फिरलो तरी चालतंय की. दुपारी घरात झोप बी हुईल." मी वेग वाढवला. असे मोह फाट्यावरच मारायचे असतात.

पुढचा रस्ता रुंदीकरणाचा. एक बाजू झालेली, एक उकरलेली, मध्ये लाल धूळ आणि 'वळण रस्ता' असा बाण, तो कधी डावीकडे तर कधी आकाशाकडे. मलकापूरच्या अलीकडे आबांचा चहा झाला. एका टपरीवर, दोन कप. टपरीचं नाव सांगत नाही, पुढं जे घडलं त्यात तिचा दोष किती यावर घरात अजून एकमत नाही.

आंबा गाव मागं टाकलं आणि घाट सुरू झाला. पावनखिंड आणि विशाळगड याच मुलखातले. त्या रात्री पन्हाळ्यापासून इथवर माणसं चिखलातून, लढत, धावत आली, हे मी मुलांना सांगत होतो. सांगताना माझा आवाज थोडा भरून आला होता. तेवढ्यात मागून आबा म्हणाले, "गाडी बाजूला घे."

सगळ्यांनी सवयीनं मुलाकडे पाहिलं. तो वेफर्स खात होता. मुलगी ठीक. आई ठीक. सांगलीसुद्धा ठीक. आबा दार उघडून कठड्यापाशी गेले, कोकणाकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले आणि पंचाहत्तर वर्षांची अजिंक्य कारकीर्द दरीत गेली. परत येऊन त्यांनी तोंड पुसलं, सीटवरचा पेपर नीट केला आणि जाहीर केलं, "घाट न्हाय लागला. चहा लागला."

आईनं काही म्हटलं नाही. पण वहीत नोंद झाली, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

साखरपा, पाली, हातखंबा, निवळी असं करत खाली आलो आणि कोकणानं आम्हाला मिठी मारली. ओल्या टॉवेलनं मारावी तशी. कोल्हापुरात ऊन लागतं, इथं घाम लागतो. अंगातला शर्ट पाठीला चिकटला तो तीन दिवसांनी आंबा घाट चढल्यावरच सुटला. मालगुंडच्या घरमालकांनी गार कोकम सरबत दिलं आणि सहज म्हणाले, "आम्ही मे महिन्यात जमलं तर कोल्हापूरला येतो. तुमच्याकडे संध्याकाळी कसं बरं वाटतं." म्हणजे बघा. उन्हाळा चुकवायला आम्ही त्यांच्याकडे उतरतो आणि ते आमच्याकडे चढतात, आणि घाटात समोरासमोर आलो की एकमेकांना हॉर्न देतो.

संध्याकाळी पुळ्याच्या किनाऱ्यावर गेलो. गाडीतळावर ओळीनं एमएच ०९. क्षणभर वाटलं, चुकून आपण रंकाळ्यावरच गाडी लावली. लाटा होत्या म्हणून कळलं. एका उंटाच्या आडून आमच्या समोरच्या घरातले तात्या आले. किनाऱ्यावर उंट बघून मला जेवढं आश्चर्य वाटलं नव्हतं तेवढं तात्यांना बघून वाटलं, कारण त्यांनी आम्हाला महाबळेश्वर सांगितलं होतं. त्यांना माझं आश्चर्य वाटलं, कारण मी त्यांना खिद्रापूर सांगितलं होतं. वर्षभर दारात उभं राहून दोन वाक्यांच्या वर न बोलणारी आमची दोन घरं पुढचे दोन दिवस एकत्र फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदक्षिणा. इथं मूर्तीभोवती फिरत नाहीत. डोंगर हाच देव, त्यामुळे डोंगरालाच फेरी, किलोमीटरभराची. आबा सगळ्यांच्या पुढं होते. घाटातली नामुष्की त्यांनी त्या एका किलोमीटरमध्ये भरून काढली, आणि तात्यांना मागं टाकताना "सावकाश या," असंही म्हणाले. तात्यांना घाटातलं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. मुलानं सांगितलं.

मालगुंड हे केशवसुतांचं गाव. १८६६ साली ते इथंच जन्मले. त्यांचं घर आणि स्मारक बघून झाल्यावर मुलीनं विचारलं, "म्हणजे धड्यातले कवी खरे असतात?" या सहलीतला हा एकच शैक्षणिक लाभ, तो मी माझ्या खात्यावर जमा केला.

जेवणाचं मात्र सांगितलं पाहिजे. माशांचं ताट आलं. आबांनी सोलकढीचा घोट घेतला, डोळे मिटले, आणि बराच विचार करून म्हणाले, "नारळाचं दूध... म्हंजे ही आपल्या पांढऱ्या रश्श्याची बहीणच की. जरा आजारी हाय." मग ताटावरून नजर फिरवून त्यांनी हिच्याकडे हात पुढं केला. बरणी निघाली. झाकण उघडल्याबरोबर शेजारच्या टेबलावरची मान वळली. "शिवाजी पेठ?" आबांनी विचारलं. "न्हाय, कसबा बावडा," उत्तर आलं आणि पाठोपाठ वाटीही आली. तिथून बरणी पलीकडच्या गडहिंग्लजकडे गेली, मग कोपऱ्यातल्या इचलकरंजीकडे. परत आली तेव्हा तिच्यात फक्त वास उरला होता. वाढणारा पोरगा बिचारा मीठ कमी पडलं का, असं विचारत होता.

तिसऱ्या दिवशी परतीला घाट चढून आंबा गावात थांबलो. तिथल्या गार वाऱ्यानं पाठीचा शर्ट सुटला. शेजारी रत्नागिरीची एक गाडी उभी. आतली लहान मुलगी लिंबू हुंगत पांढरीफटक बसलेली. तिचे वडील माझ्यापाशी आले. "कोल्हापूरला चाललोय. दोनच दिवस आहेत. काय काय बघावं?"

मी खिद्रापूर म्हणायला तोंड उघडलं.

"पन्हाळा," आबा म्हणाले. "जागतिक वारसा हाय."

"आधी अंबाबाई," आई म्हणाली. "देवीला न जाता गडावर कुठं जातासा?"

"दाजीपूर! गवा दिसतो," मुलगा म्हणाला. गवा त्यानं अजून पाहिलेला नाही.

"वाडीला जा, बासुंदी खा," हिनं सांगलीच्या दिशेनं ओढलं. मुलगी रंकाळ्याची संध्याकाळ सांगायला लागली. ज्योतिबा पन्हाळ्याच्या आधी की नंतर यावर आबांची आणि आईची जुंपली. मग मीही स्वर्गमंडपाचे खांब मोजायला घेतले. पाऊण तास गेला असेल. ते गृहस्थ सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत मान हलवत होते. त्यांनी काढलेला कागद कोराच राहिला. शेवटी त्यांच्या बायकोनं गाडीतूनच बारीक आवाजात विचारलं, "पुढे अजून घाट आहे का हो?"

"न्हाय गं बाई, सरळ रस्ता हाय," आई म्हणाली, आणि आमच्या सीटवरचा पेपर काढून, घडी सरळ करून तिनं त्या मुलीखाली सरकवला.

गाडी सुरू झाली. आबा खिडकीपाशी वाकले.

"आन् ध्येनात ठेवा, मलकापूर वलांडलं की टपरीवर च्या घ्यायचा न्हाय. तिथला लागतोय."