मॉरिशस उरकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

मॉरिशस हे बेट जेमतेम 65 किलोमीटर लांब आणि 45 किलोमीटर रुंद. एवढ्याशा जमिनीला उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि मध्ये एक पठार असे पाच प्रांत असावेत, वर पाचांची हवा वेगळी आणि समुद्रही वेगळा असावा, हा सुट्टी मोजून आणलेल्या माणसावर उघड अन्याय आहे. पण घाबरू नये. आपल्याकडच्या टूरवाल्यांनी हा गुंता केव्हाच सोडवून ठेवला आहे. पाच प्रांतांचे त्यांनी तीन दिवस केले : नॉर्थ टूर, साउथ टूर आणि बेटावरचं बेट. पश्चिम किनारा साउथ टूरमध्ये येता-जाता खिडकीतून होऊन जातो. पठारही साउथमध्येच धरतात. भूगोलाची याला हरकत असू शकेल, पण भूगोल काही बसचं भाडं भरत नाही.

सुरुवात मुक्कामापासून. विमानतळ आग्नेय कोपऱ्यात आहे, तेव्हा हॉटेल वायव्येला किंवा उत्तरेला ग्राँ बेजवळ घ्यावं. पहिल्याच दिवशी पूर्ण बेट आडवं कापल्याचं पुण्य पदरी पडतं, तेही रात्रीच्या विमानानंतरच्या झोपेत. या नादात विमानतळाच्या उशाशी असलेलं माहेबूर गाव पाहायचं राहतं, आणि तसं ते राहायलाच हवं. 1810 मध्ये याच्याच समोरच्या ग्राँ पोर्टच्या खाडीत फ्रेंच आरमाराने इंग्रजांना हरवलं होतं, आणि त्या विजयाचं नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेलं आहे. सोमवारी इथे मोठा बाजार भरतो. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत सोमवार ‘आराम’ म्हणून दाखवलेला असतो.

आता हवेचं. हा भाग नीट वाचावा, कारण हॉटेलचं बुकिंग करताना तो नेमका विसरायचा आहे. वर्षातला बराच काळ, आणि जून ते सप्टेंबर जास्तच, आग्नेयेकडून वारा येतो. तो आधी पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला धडकतो, मग पठारावर चढतो, तिथे क्युरपिप गावावर पाऊस टाकतो आणि हलका होऊन पश्चिमेला उतरतो. म्हणून जुलैत एकाच दुपारी पूर्वेच्या बेल मारला केस डोळ्यांत जात असतात, क्युरपिपला छत्री लागते आणि पश्चिमेच्या फ्लिक आन फ्लाकला लोक ऊन खात पडलेले असतात. पश्चिम इतकी कोरडी, की तामारँला काळ्या दगडांच्या चौकोनी वाफ्यांत समुद्राचं पाणी वाळवून मीठ काढायचे. याचा व्यवहारात उपयोग असा : जुलैत जायचं तर खोली पूर्वेला घ्यावी. स्वस्त का मिळाली, याचा विचार करू नये. किनाऱ्यावर स्वेटर घालून काढलेल्या फोटोंना वेगळंच वजन येतं.

उत्तर प्रांत सर्वांत सोपा, कारण तिथे दुकानं आहेत. काप मालरूच्या लाल छपराच्या चर्चसमोर उभं राहून एक फोटो घ्यावा. मागे समुद्रात कापलेल्या पाचरीसारखं एक बेट दिसतं, ते चौकटीत आलं तर ठीक. पाम्प्लेमूसच्या बागेत परातीएवढ्या पानांच्या कमळांचा फोटो. त्याच बागेत तालीपॉट नावाचा ताड आहे. तो कित्येक दशकं वाढत राहतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. आपल्याला तिथे वीस मिनिटं दिलेली असतात, तेव्हा फुलला नसेल तर त्याच्यासाठी थांबू नये.

राजधानी पोर्ट लुई याच दिवशी मारायची. वेळेची विभागणी चोख हवी. आप्रवासी घाट पंधरा मिनिटं, शेजारचा कोदाँ मॉल दोन तास. आप्रवासी घाट म्हणजे काही दगडी पायऱ्या आणि जुन्या बराकींचे अवशेष. 1834 पासून गिरमिटिया मजूर याच बंदरात उतरले, पुढच्या आठ-नऊ दशकांत जवळपास साडेचार लाख. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तिन्ही बंदरांतून जहाजं सुटत, आणि मुंबईच्या जहाजांत कोकणातली माणसं होती. युनेस्कोने 2006 मध्ये या जागेला जागतिक वारसा म्हटलं. तिकीट नाही, त्यामुळे पैसे वसूल झाल्याचं समाधानही नाही. हे ध्यानात घेऊनच पंधरा मिनिटं ठेवली आहेत.

जेवणाबाबत नियम कडक आहे : हॉटेलबाहेर खाऊ नये, पिशवीतले ठेपले संपवावेत. रस्त्याच्या कडेला काचेच्या पेटीमागे उभा असलेला माणूस ‘धोल पुरी’ विकत असतो, त्याच्याकडे तर बघूही नये. मऊ कापडाखालून तो दोन पुऱ्या एकदम उचलतो. त्या इतक्या पातळ की खालचा तळहात दिसावा. आत वाटलेल्या चण्याच्या डाळीचं सारण, म्हणजे पुरणपोळीने गूळ सोडून संन्यास घेतलेला. वर पांढऱ्या वालांची रस्साभाजी, टोमॅटोचा रूगाय, लोणचं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मिरची घालू का, हा प्रश्न तो तिथल्या क्रिओल भाषेत विचारतो आणि उत्तर मिळण्याआधीच घालतो. मग कागदात गुंडाळून हातात देतो. हे एकदा खाल्लं की रात्रीच्या ‘इंडियन डिनर’मधलं पनीर घशाखाली उतरत नाही, आणि त्या पनीरचे पैसे आपण मुंबईतच भरलेले असतात.

पूर्व प्रांतासाठी पूर्वसूचना. इल ओ सेर हे पूर्वेचं बेट, त्रू ओ सेर हे पठारावर क्युरपिपमधलं ज्वालामुखीचं विवर आणि त्रू ओ बिश हा वायव्येचा समुद्रकिनारा. तिघांच्याही नावात हरणं आहेत, आणि तिथे हरीण बघायला मिळेल या आशेने जाऊ नये.  तेव्हा ड्रायव्हरला ‘ते हरणांचं’ एवढंच सांगितलं तर आपण पोहण्याचे कपडे घालून धुक्यात एका खड्ड्याच्या काठावर उभे राहू शकतो. योग्य बेटावर पोहोचल्यावर पॅरासेलिंग करावं, आणि पाणी गुडघ्याइतकंच का, लाटा का नाहीत, असं विचारू नये. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिकडे लांब फुटतात.

ही भिंत दक्षिणेला सुयाकजवळ तुटते. तिथे ग्री ग्री नावाचा कडा आहे. तिथला समुद्र निळ्या ब्रोशरमधला नाही. काळ्या दगडावर तो सरळ येऊन आदळतो, आणि पोहू नका अशी पाटी आहे. माझ्या मते साऱ्या बेटावर बसून राहण्याजोगी जागा हीच. म्हणूनच साउथ टूरमध्ये तिला स्वच्छतागृहाच्या थांब्याइतका वेळ असतो. उरलेला वेळ शामारेलच्या सात रंगांच्या मातीला. ती कठड्याबाहेरून बघायची आणि सात रंग मोजायचे. पाचाच्या पुढे मोजणी अडली तर शेजारच्या कुटुंबाचा आकडा घ्यावा.

गंगा तलाव पठारावर आहे, थंड आणि ढगात. तिथला 33 मीटर उंच महादेव बडोद्याच्या सूरसागरातल्या मूर्तीवरून घडवला आहे. तळ्यात 1972 मध्ये भारतातून आणलेलं गंगाजल मिसळलं. महाशिवरात्रीला लाखो लोक बेटाच्या सगळ्या कोपऱ्यांतून कावड घेऊन इथे चालत येतात. आपण एसी बसमधून उतरून थंडी वाजते म्हणून कुरकुर करावी, आणि माकडांपासून प्रसाद सांभाळावा.

पश्चिमेला ल मॉर्नचा उभा सुळका आहे. पळून आलेल्या गुलामांनी आसरा घेतलेला हा डोंगर 2008 पासून जागतिक वारसा आहे. पर्यटकांना मात्र त्याच्या पायथ्याचा ‘पाण्याखालचा धबधबा’ हवा असतो. ती वाळू आणि गाळाने डोळ्यांना घातलेली भूल आहे आणि फक्त आकाशातून दिसते. हेलिकॉप्टरचे पैसे नसतील तर किनाऱ्यावर उभं राहून ‘कुठंय?’ असं मोठ्याने विचारावं. तिथे रोज विचारतात.

वाटेत कास्कावेल लागतं. तिथे मोठं प्राणीउद्यान आहे, तिथे अर्धा दिवस घालवावा, झेब्रा बघावेत. त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आहेत, हे गाइड सांगत नाही आणि आपणही विचारू नये. घरात ती क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकतात, आणि गणपतीत जाखडी नाचतात. ती रत्नागिरीची जाखडी आहे, फक्त तिला मधे हिंदी महासागर लागला. गणेश चतुर्थीची त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. त्यांच्या घरी गेलात तर चहा, मग गप्पा, मग तुमचं गाव कोणतं, आमच्या पणजोबांचं गाव सापडेल का, असं सुरू होईल. साउथ टूरची बस कुणासाठी थांबत नाही.

एवढं केल्यावर बेट पूर्ण झालं असं समजून घरी यावं. फोटो गटात टाकावेत. तासाभरात नात्यातल्या कुणाचा तरी निरोप येईल : ‘रॉड्रिग्ज नाही केलं? तेही मॉरिशसमध्येच येतं. पूर्वेला जेमतेम 600 किलोमीटर.’