कटऑफकाका

जेईईचे निकाल लागायला लागले की प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ उगवतात. एरवी पार्किंगवरून भांडणारे साधे निवृत्त बँक अधिकारी. पण जून लागला की त्यांच्या मांडीवर लॅपटॉप येतो आणि लॅपटॉपात ती सुप्रसिद्ध एक्सेल शीट. देशातल्या २३ आयआयटी, प्रत्येकीच्या शाखा, प्रत्येक फेरीची ओपनिंग रँक, क्लोजिंग रँक. जोसाच्या, म्हणजे सामायिक प्रवेशाच्या, फेऱ्या २०१५ साली सुरू झाल्या, तेव्हापासूनचा एकही आकडा सुटलेला नाही. स्वतःच्या मुलाने कॉमर्स केलं, हा विषय त्यांच्या घरी काढायचा नाही.

काकांना मुलांची नावं लक्षात राहत नाहीत, रँक राहतात. "काल तो सहाशे बारा भेटला होता. सुटलाय हो फार." पवईचं कॉम्प्युटर सायन्स म्हणजे त्यांचं पंढरपूर. तिथली ओपनची शेवटची सीट हल्ली पहिल्या सत्तरातच संपते, हे सांगताना त्यांचा आवाज भरून येतो. एके काळी अव्वल पोरं कानपूर घ्यायची, असंही ते हळहळून सांगतात. काका स्वतः कानपूरला कधी गेलेले नाहीत.

पण त्यांचा खरा जीव फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइडमध्ये. मिळालेली सीट पक्की केली की फ्रीझ. वरच्या पसंतीचं कुठलंही कॉलेज चालणार असेल तर फ्लोट. कॉलेज तेच, फक्त शाखा वरची हवी असेल तर स्लाइड. हे शास्त्र काका लग्नालाही लावतात. "स्थळ बरं आहे, पण फ्रीझ करू नका, फ्लोटवर ठेवा." एकदा मुलाच्या घरी, मुलासमोरच, "धाकट्याचं विचारून बघा, त्याला स्लाइड म्हणतात," असं त्यांनी मुलीच्या वडिलांना समजावलं. मंडळींना पोहे टाकून उठावं लागलं.

२०१८ साली आयआयटीत मुलींसाठी जादा जागा आल्या आणि काका पेटले. बी.टेक.ला मुली दहा टक्केही नसायच्या, म्हणून १४ टक्क्यांपासून सुरुवात करून २०२० पर्यंत २० टक्क्यांवर जायचं ठरलं होतं. या जागा वाढवलेल्या होत्या, मुलांच्या कापलेल्या नव्हत्या. काकांना हे पक्कं माहीत होतं. शीटमधला तो रकाना त्यांनीच तर भरला होता. तरी "मग मेरिटचं काय?" हा सवाल लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही.

पुढे सख्खी पुतणी जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बसली. त्या जूनमध्ये, त्याच लिफ्टमध्ये, तेच धोरण दूरदृष्टीचं ठरलं. "अहो, निम्मा देश मागे ठेवून कसं चालेल?" आम्ही माना डोलावल्या. लिफ्ट बंद पडली होती आणि काका आत होते.

पुतणीच्या पसंत्यांची यादी अर्थातच काकांनी केली. सगळीकडचं कॉम्प्युटर आधी, मग इलेक्ट्रिकल, मग उरलंसुरलं. पोरीला काय शिकायचंय, असं काकूंनी विचारून पाहिलं. "ते सीट लागल्यावर बघू." पोरीने रात्री यादी उलटी केली, एरोस्पेस सगळ्यात वर घातलं आणि लॉक करून टाकलं. पहिल्याच फेरीत तेच लागलं आणि तिने फ्रीझ केलं.

काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शीटमध्ये एरोस्पेसची ओळ पिवळी झाली. सध्या ते दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या मागे लागलेत, "एरोस्पेसच घे, रँक चढायच्या आत घे."

मुलगा सातवीत आहे.