बालाघाट दर्शन, वाघ वगळून

बालाघाटातील निवृत्त बाईचे छायाचित्रण पहाटे, घराच्या गच्चीवर सुरू होते. याला कारण भूगोल आहे. बालाघाट पुण्याच्या पूर्वेला सुमारे सव्वासहा अंश आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर इथला सूर्य पुण्याच्या सूर्यापेक्षा पंचवीसेक मिनिटे आधी कामावर हजर होतो. उन्हाळ्यात हा फरक थोडा वाढतो, थंडीत कमी होतो. परिणामी पुण्यातल्या सुनेचा फोन उशाशी निपचित पडलेला असताना त्यावर बालाघाटचा लालबुंद सूर्य येऊन धडकतो. खाली ‘सुप्रभात’ असते. सूर्याच्या डावीकडे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आणि उजवीकडे वाळत घातलेला टॉवेल असतो. रोज टॉवेल बदलतो, टाकी तीच राहते.

या बाई शाळेतून, पोस्टातून, कलेक्टर कचेरीतून नाहीतर दवाखान्यातून निवृत्त झालेल्या असतात. पेन्शन मध्य प्रदेश सरकारची, माहेर बहुधा भंडारा, गोंदिया किंवा नागपूरकडचे. 1956 पर्यंत हा सगळा एकच प्रांत होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. त्यामुळे बाईंची धाकटी बहीण चाळीसेक किलोमीटरवर गोंदियात राहते, पण तिचा महागाई भत्ता वेगळे राज्य ठरवते. दोघी बहिणी फोनवर आधी भत्त्याची तुलना करतात, मग फोटोंची. भत्त्यात जी मागे पडते, ती फोटोंत माघार घेत नाही.

साधनसामग्री माफक असते. मुलाने नवा फोन घेतला की जुना आईकडे येतो. तो ‘कॅमेरा चांगला आहे’ या शिफारशीसह येतो आणि बॅटरीबद्दल कोणी बोलत नाही. भिंग पुसायला पदर असतो. केसांना लावलेल्या खोबरेल तेलाचा अंश बोटांवर, बोटांचा भिंगावर आणि भिंगावरून पदराने गोल गोल फिरवून सर्वत्र समान पसरलेला, अशी ही प्रक्रिया आहे. त्यातून प्रत्येक दिव्याभोवती जे तेजोवलय उमटते, त्याला पुण्याकडचे नातेवाईक धुके समजतात आणि ‘काय सुंदर हवा आहे तुमच्याकडे’ असे कळवतात. एप्रिलमध्येही कळवतात.

काही घरांत रिळाचा जुना कॅमेरा अजून कपाटात असतो. छत्तीस फोटोंचे रीळ लग्न, बारसे आणि गणपती एवढ्यांत पुरवायचे असल्यामुळे त्या काळी माणसे नीट उभी राहत. त्याच्या फ्लॅशला सेल लागत, आणि सेलच्या आतली काळी पूड म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. शहराला लागूनच भरवेलीला मॉईलची मँगनीजची भूमिगत खाण आहे. म्हणजे ज्या शहराच्या पोटात मँगनीज, त्या शहराच्या दुकानात सेल पूर्ण छापील किमतीला. ही तक्रार बाई चांगल्यापैकी रंगवून सांगतात. तिचा खनिजशास्त्राशी संबंध पुसटसाच आहे, पण ती ऐकताना कोणी हरकत घेत नाही.

शहरातली फेरी देवी तालाबापासून निघते, काली पुतली चौकातून जाते आणि गुजरी बाजारात संपते. अंतर पायी अर्ध्या तासाचे. वेळ दोन तास. या तफावतीचे कारण बाईंची नोकरी आहे. पस्तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या बाईंना ज्या शहरात अनोळखी माणूसच सापडत नाही, तिथे सहज टिपलेला क्षण ही गोष्ट जवळपास अशक्य असते. पुस्तकांतून शिकवतात की माणसाला कळू न देता त्याचा फोटो घ्यावा. गुजरीत फोन पर्समधून अर्धा बाहेर येतो न येतो तोच हाक येते, “मॅडम, नमस्ते! सातवी ब!” सातवी ब आता लसणाचा ठोक व्यापारी आहे आणि त्याला वजनकाट्याशेजारी उभे राहून फोटो हवा आहे.

भाजीवाल्या बाईचा फोटो निघतो तो असा. ती पालकाच्या जुड्यांवर पाणी शिंपडते. पिवळी पाने उचलून मागे टाकते. टोमॅटोंचा ढीग रचते, त्यातला डागाळलेला भाग आत वळवते. पैशांचा डबा पोत्याखाली सरकवते. मग पदर डोक्यावर घेऊन, दोन्ही हात मांडीवर ठेवून ती ताठ बसते आणि चेहऱ्यावर जे काही हसू होते ते पूर्ण काढून टाकते. “इकडं पाहा, जरा हसा,” असे मराठीत, मग हिंदीत, मग दोहोंच्या मधल्या बोलीत सांगून होते. हसू येत नाही. बाई फोन खाली करतात, त्याच क्षणी शेजारीण काहीतरी पुटपुटते आणि दोघी खो खो हसतात. तो फोटो आजवर कोणाला मिळालेला नाही. बाईंना जो मिळतो त्यात आधारकार्डावरची सर्व लक्षणे असतात. वर भाजीवाली विचारते, “निघाला का चांगला?” आणि तो चांगला निघाला म्हणून अर्धा पाव मिरची जास्त घालते. छायाचित्रणातून बालाघाटात होणारी रोख कमाई एवढीच.

बाजारात प्रौढ पुरुषांची एक खास मागणी असते. सत्तरीच्या पुढचा गृहस्थ सदरा नीट करतो, चष्मा काढावा की ठेवावा यावर विचार करतो आणि सांगतो, “जरा ढंगाचा काढा मॅडम. पुढं कामी येईल.” कुठल्या कामी, ते दोघांनाही ठाऊक असते. घरोघरी लग्नाचे अल्बम असतात, पण तेरवीच्या पत्रिकेवर छापायला म्हातारपणचा एक धड फोटो नसतो. ऐन वेळी कोणाच्या तरी वरातीतला घोळका कापून चेहरा वेगळा करावा लागतो आणि खांद्यावर परक्या माणसाचा हात राहून जातो. म्हणून या फोटोसाठी लोक बाईंसमोर मनापासून उभे राहतात. बाईही तो तीनदा काढतात. मागच्या भिंतीवरची सिमेंटची जाहिरात चौकटीत येणार नाही इतकी काळजी त्या एरवी कशातही घेत नाहीत.

स्टेशनवर जाणे हल्ली कमी झाले आहे. सातपुडा रेल्वेची गोंदिया–नैनपूर–जबलपूर ही छोटी लाइन बंगाल नागपूर रेल्वेने 1903 ते 1905 या काळात सुरू केली. तिच्या दोन रुळांत 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट अंतर होते. ती गाडी छायाचित्रणाला अत्यंत सोयीची होती, कारण फोटो हलण्याइतका वेग ती क्वचितच घेत असे. आता तिथे मोठी लाइन आहे. नव्या गाडीचा फोटो काढायला फोन उघडून, चष्मा चढवून, कुलूप काढण्याचा अंगठा तीनदा चुकवून होईपर्यंत शेवटचा डबा दिसतो. बाईंच्या संग्रहात शेवटच्या डब्यांचे फोटो पुष्कळ आहेत.

वैनगंगेच्या घाटांवर, म्हणजे शंकरघाट आणि बजरंगघाटावर, फोटो चांगले येतात, हे मान्य करायला हवे. नदी शिवनी जिल्ह्यातून येते, बालाघाटला वळसा घालून महाराष्ट्रात उतरते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. संध्याकाळी पाणी संथ असते, उजेड तिरपा असतो आणि माणसे देवाच्या कामात असल्यामुळे कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. अडचण एकच: पुण्याची सून हे फोटो पाहून ‘वाराणसी का?’ असे विचारते.

शहराबाहेरच्या सहली भाचे-पुतणे सुट्टीला आले की होतात, आणि त्यात बाई मार्गदर्शक असतात. बैहर रस्त्याला गांगुलपाऱ्याचा तलाव आणि धबधबा आहे. पावसाळ्यात धबधबा असतो आणि उभे राहायला जागा नसते. उन्हाळ्यात जागा भरपूर असते. पाहुणे नेहमी उन्हाळ्यात येतात.

हट्ट्याची जुनी बावली ही छायाचित्रणातली खरी परीक्षा. वर लख्ख ऊन, खाली कमानींत काळोख. फोनने वरचे पाहिले तर खालचे बुडते, खालचे पाहिले तर आकाश पांढरे पडते. तळापर्यंत ऊन पोचायला सूर्य थेट डोक्यावर हवा. बालाघाट कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, पावणेबावीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्याने असा योग वर्षातून दोनदा येतो: मेच्या अगदी अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याला. पहिल्या योगाला दुपारी बाराच्या पुढे पाच-सात मिनिटांनी माणसाची सावली पायाखाली गोळा होते आणि विहिरीत ऊन सरळ उतरते. नेमके त्या वेळी बालाघाटात कोणीही शहाणा माणूस कूलरसमोरून उठत नाही. दुसऱ्या योगाला ढग असतात. तेव्हा हट्ट्याच्या बावलीचा सर्वांगसुंदर फोटो खगोलशास्त्राला मंजूर आहे, एवढे म्हणता येते.

बाहेरगावच्या नातेवाइकांची खरी मागणी मात्र वाघाची असते. बालाघाट म्हटले की कान्हा, कान्हा म्हटले की वाघ, आणि ज्या अर्थी मावशी तिथेच राहते त्या अर्थी तो तिच्या फाटकाशी रोज येत असणार, असा तर्क असतो. कान्हाचे मुक्की फाटक बालाघाट जिल्ह्यात आहे खरे, पण शहरापासून ते ऐंशीएक किलोमीटर दूर आहे. तिथे उघड्या जिप्सीत मागची, सर्वात उंच आणि सर्वात उसळणारी जागा ‘मावशी, इथून चांगलं दिसेल’ म्हणून प्रेमाने दिली जाते. वाघ निघतो तेव्हा भाचा उभा राहतो. पुढच्या जिप्सीतले सहा जण उभे राहतात. मावशींच्या फोनमध्ये भाच्याचे कोपर, त्यामागे सहा टोप्या आणि टोप्यांच्या फटीत काहीतरी पिवळसर येते. ते वाळलेले गवत असल्याचे घरी आल्यावर मोठ्या पडद्यावर सिद्ध होते.

बारशिंगा मात्र मावशींना वश आहे. तो पळत नाही, कुरणात उभा राहून गवत खातो आणि शिंगांवर कधी गवताचा भाराही मिरवतो. कठीण जमिनीवर राहणारा हा बारशिंगा मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे. 1970 मध्ये कान्हात त्याची मोजदाद अवघ्या 66 वर आली होती. तिथून जपून जपून तो वाढवला गेला. जगातून जवळपास गेलेला प्राणी वाचला आणि त्याचे चाळीस फोटो मावशींनी स्वतः काढले. ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकल्यावर अकोल्याच्या चुलतभावाचा प्रश्न येतो: “हरणं छान. वाघ?”

सारसाचीही गत तीच. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वात उंच, जवळजवळ सहा फुटांचा हा पक्षी बालाघाट आणि गोंदियाच्या धानबांध्यांत जोडीने राहतो. राज्यपुनर्रचना त्याने मान्य केलेली नाही. सकाळी एका राज्यात चरतो, दुपारी नदी ओलांडून दुसऱ्यात. धानाच्या बांध्यातच घरटे करतो आणि शेतकरी ते सांभाळून रोवणी करतात. फोनमधून मात्र सहा फुटी सारस म्हणजे हिरव्या पार्श्वभूमीवर दोन करड्या रेघा. मोठे करून पाहावे तर फोन आहे तेच चित्र ताणतो आणि रेघांचे चौकोन होतात. अशा वेळी बाई फोटोखाली बाण काढतात. दोन बाण, कारण जोडी आहे. जवळच्याच बांध्यातला चिन्नोर तांदूळ 2021 पासून भौगोलिक मानांकनाचा आहे. पण त्याचे नाव वासासाठी, आणि वासाचा फोटो येत नाही. तो तांदूळ पुण्याला पोत्याने पाठवावा लागतो. त्याची पोच तातडीने येते.

या सगळ्या अभ्यासाचा उपयोग नोव्हेंबरात होतो. त्या महिन्यात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2014 रोजी जीवन प्रमाण ही डिजिटल सोय सुरू केली. तेव्हा अंगठ्याचा ठसा लागे, आणि आयुष्यभर खडू, फडके नाहीतर फावडे धरलेल्या अंगठ्यांवर रेषाच उरलेल्या नसत. 2021 पासून चेहरा दाखवूनही काम होते. फोन चेहरा बघतो, आधारशी ताडतो आणि माणूस हयात असल्याचे मान्य करतो. मात्र त्याला उजेड समोरून हवा असतो. मुलगा वडलांना खिडकीकडे पाठ करून बसवतो, चेहरा काळा पडतो, अर्ज नामंजूर होतो. असे चार वेळा झाले की गल्लीतून एकच सल्ला मिळतो: मॅडमकडे जा.

मॅडमच्या ओसरीत खुर्ची आधीच पूर्वेकडे तोंड करून मांडलेली असते. मागे कोरी भिंत. चष्मा उतरवला जातो, टोपी मांडीवर घेतली जाते, भिंग या दिवशी पदराऐवजी स्वच्छ रुमालाने पुसले जाते. गुजरीतले ‘पुढं कामी येईल’वाले गृहस्थही रांगेत असतात. चेहरा चौकटीत आला की फोन डोळे मिचकवायला सांगतो. इतका वेळ स्थिर बसायला शिकलेला माणूस आता हलायला तयार नसतो. कोणी मान डोलावतो, कमी ऐकू येणारा तोंड उघडतो, एखादा डोळे मिटतो तो उघडतच नाही. “मिचकवा हो, मिचकवा!” असा गलका होतो. शेवटी शेजारी बसलेली बायको कोपराने ढोसते, पापण्या फडफडतात, फोनवर हिरवी खूण येते आणि गृहस्थ सरकारदरबारी आणखी एक वर्ष हयात ठरतात.