सिस्टरकाकू

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत काही आठवडे दुपारी दोनपर्यंत क्रिकेटला बंदी असे. ‘सिस्टर झोपल्यात’ एवढं कुणी पुटपुटलं की बॅट खाली जायची. भंगारवालासुद्धा त्या दारापुढून मुकाट्यानं गाडा ढकलत नेई. नाइट ड्यूटी संपवून काकू सकाळी साडेआठला यायच्या, चपला बाहेर काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि कानात कापूस घालून आडव्या व्हायच्या. उठल्या की गल्लीचा राउंड सुरू.

‘कसं काय?’ हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कुणाला विचारला नसेल. त्यांचा प्रश्न एकच: ‘पोट साफ झालं का?’ तो त्या नातवाला विचारत, दूधवाल्याला विचारत, आणि दिवाळसणाला आलेल्या नव्या जावयाला पंगतीत, वाढता वाढता विचारत. जावई बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. त्यानं ताटाकडे बघत ‘हो’ म्हटलं. काकूंनी समाधानानं त्याला आणखी एक पुरणपोळी वाढली.

घरात चादर अंथरायची पद्धत वॉर्डातली. सोलापुरी चादर जाड, तिला कोपऱ्यात घडी घालून गादीखाली सपाट दाबायची म्हणजे मनगट लागतं. काका पोस्टात नोकरीला होते, स्वभावानं गरीब. लग्नानंतर पहिली गोष्ट ते शिकले ती हे कोपरे. दुसरी, मुलींच्या वेण्या. बायको रात्रपाळीला गेली की सकाळी दोन मुलींच्या चार वेण्या, रिबिनीसकट, काका घालत. समोरच्या आजी पदर तोंडाला लावून हसायच्या. काकूंनी एकदा ऐकलं आणि तिथल्या तिथं म्हणाल्या, ‘आमचे हे वेण्या घालतात, तुमचे अजून पाण्याचा तांब्याही हातात मागतात. हसायचं कुणी?’ आजींनी त्या दिवसापासून पदर खांद्यावरच ठेवला.

गल्लीतलं प्रत्येक पोर त्यांच्या हातून टोचलं गेलेलं. तेव्हा काचेची सिरिंज आणि सुया स्टीलच्या डबीत उकळत. त्या उकळण्याच्या आवाजानंच आम्ही माळ्यावर चढायचो. काकू खालून शांतपणे सांगायच्या, ‘रडायचं तर रड की. हात मात्र हलवायचा नाही.’ आणि खरंच, भोकाड पसरायला पूर्ण मुभा होती. थर्मामीटरमधला पारा मनगटाच्या एका झटक्यानं उतरवणं ही त्यांची खास अदा. जुलाब झाले की साखर-मिठाचं पाणी. त्यात मात्र अंदाजपंचे काही चालायचं नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. कुणी ‘चिमूटभर मीठ’ म्हटलं की कपाळाला आठी: ‘चिमूट कुणाची? तुमची की पैलवानाची?’

मुलासाठी मुलगी बघायला गेल्या तेव्हाचं तर गल्लीत दंतकथेसारखं सांगतात. कांदेपोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं. मुलीनं वाकून नमस्कार केला. काकूंनी आशीर्वाद द्यायच्या निमित्तानं तिची हनुवटी वर केली आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढून पाहिली. मग नखं पाहिली. मुलीच्या बापाचा घोट घशातच अडकला. काकू म्हणाल्या, ‘मुलगी पसंत आहे. रक्त कमी आहे, उद्यापासून लोहाच्या गोळ्या सुरू करा. काळ्या चहासोबत देऊ नका.’ ती सून आजही सांगते, की त्या घरात दागिन्यांच्या आधी तिच्या हिमोग्लोबिनची चौकशी झाली, आणि तेव्हाच तिनं मनात होकार दिला.

याच बाईला मी एकदा वेगळं पाहिलं. 1993 साली अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका संपवून गाव झोपलं होतं. 30 सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. काकूंनी आधी आमची डोकी मोजली. मग त्या घरात गेल्या, आंघोळ करून, पांढरी साडी नेसून, केस घट्ट बांधून बाहेर आल्या. किल्लारीचं नाव तेव्हा आम्ही ऐकलंही नव्हतं. ‘अहो, निरोप तर येऊ द्या,’ काका म्हणाले. ‘एवढं हललंय म्हणजे कुठंतरी पडलंय. निरोप येईल तेव्हा हात कमी पडतील,’ म्हणत त्या चालू लागल्या. त्या दिवसापासून लातूर-उस्मानाबादकडचे जखमी सोलापुरात येत राहिले. काकू तिसऱ्या दिवशी घरी आल्या. चपला बाहेर काढल्या, हात धुतले. त्यांनी पोटाबद्दल कुणालाच काही विचारलं नाही आणि त्या तीन दिवसांबद्दल कधी काही सांगितलंही नाही. काकांनी चहा पुढे केला, तो त्यांनी उभ्यानंच प्यायला.

त्यांचा सर्वांत आवडता उपदेश ‘दुखणं अंगावर काढू नका’. तो त्यांनी स्वतः सोडून सगळ्यांना लागू केला. गुडघे सुजलेले असायचे, विचारलं की ‘त्यात काय!’ सुनेचं बाळंतपण होईपर्यंत छातीतली कळ लपवली. बाराव्या दिवशी पाळणा झाला, तेराव्या दिवशी म्हणाल्या, ‘आता मला दवाखान्यात न्या.’ अशा शिस्तीत आजारी पडणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि त्याचा मला अजून राग आहे.

दवाखान्यात एका शिकाऊ डॉक्टरला त्यांची नस सापडेना. दोनदा चुकलं, पोराला घाम फुटला. काकूंनी दुसऱ्या हाताच्या बोटानं जागा दाखवली. ‘इथं टोच. घाबरू नको, मी हात हलवत नाही.’ सलाइन सुरू झाल्यावर त्याला म्हणाल्या, ‘जेवलास का? मग जा आधी, जेवून ये.’ त्या दुखण्यातून त्या उठल्या, पुढे कित्येक वर्षं गल्लीला वेठीला धरलं आणि गेल्या वर्षी गेल्या.

तुमच्याही नात्यात नाहीतर शेजारी अशी एखादी सिस्टर असेलच. तिच्याकडे जाल तेव्हा चपला बाहेर काढा, हात कोपरापर्यंत धुवा, पलंगाच्या चादरीवर बसू नका. आणि पोटाचं विचारलं तर खरं सांगा. खोटं त्यांना लगेच कळतं.