तुझं गाणं, माझं गाणं

जुन्या हिंदी गाण्यांच्या दर्दींनी हल्ली नवा खेळ काढलाय. आळीपाळीने एकेक गाणं उचलायचं. एकाने घेतलं की बाकीच्यांना बंद. पहिल्या फेरीतच 'गाईड'मधल्या एका गाण्यावर झडप पडते आणि वाद पेटतो: हे गाणं रफीच्या खात्यात की सचिनदेव बर्मनांच्या? शैलेंद्रचं नाव कुणी काढत नाही. गीतकार हा या खेळातला बारावा गडी.

नय्यरभक्त छाती पुढे काढून सांगतात, आमच्या ओ. पीं.नी लताकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही. जणू तो करारी निर्णय यांना विचारूनच झाला होता! मदनमोहनवाले ताबडतोब लताच्या गझला मोजून दाखवतात.

एवढ्यात एक काका 'गीतरामायण' मागतात. ते हिंदी नाही, हा आक्षेप किरकोळ. खरा तंटा हा की ५६ गाणी एका डावात द्यायची कशी? काका अडून बसतात. रामाच्या कामात हिशेब कसला, म्हणतात.

दरम्यान एक बिचारा आपण निवडलेलं गाणं गुणगुणायला लागतो. त्याला चौघे मिळून गप्प करतात: अहो, इथे गाण्यांवर चर्चा चाललीय!