हॅकरच्या पोटावर पाय

‘ऑनलाइन जुगाराच्या साईटला हॅकर गंडवू शकतात का हो?’ हा प्रश्न हल्ली सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर आणि महिन्याच्या २० तारखेनंतर जरा जास्तच विचारला जातो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजी नसते, आशा असते. पोलिसांकडून अपेक्षा संपली की माणूस चोरांकडे वळतो, त्यातलाच प्रकार.

तर, शकतात. निदान एके काळी शकत होते. १९९० साली लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ स्टेशनने जाहीर केलं, १०२ वा फोन ज्याचा लागेल त्याला पोर्श गाडी. केव्हिन पोल्सन या तरुणाने टेलिफोनच्या यंत्रणेत शिरून स्टेशनला येणाऱ्या लाइनींचाच ताबा घेतला. बाकीचं शहर एंगेज टोन ऐकत बसलं आणि १०२ वा फोन बरोब्बर पोल्सनचा लागला. पुढे तो पकडला गेला, तुरुंगात गेला आणि सुटल्यावर पत्रकार झाला. (यात शिक्षा कोणती आणि पुनर्वसन कोणतं, हे आमच्या धंद्यातल्यांना विचारू नये.)

१९९९ साली तर याहून गंमत झाली. पोकरच्या साईटना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीने, आपण पत्ते किती प्रामाणिकपणे पिसतो हे दाखवायला, पिसण्याचा प्रोग्रामच जगजाहीर केला. काही अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी तो वाचला. ५२ पत्ते पिसण्याचे एकूण प्रकार मोजायला ६८ आकडी संख्या लागते. हा प्रोग्राम मात्र मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले एवढंच बघून पिसायचा आणि अख्ख्या दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख. कॉम्प्युटरच्या लेखी हा किरकोळ हिशेब. तज्ज्ञांनी सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं, हातातले आणि टेबलावरचे मिळून पाच पत्ते भरले, की साऱ्या खेळाडूंचे पत्ते पडद्यावर हजर! एवढं करून या सज्जनांनी एक डॉलरही लुटला नाही. कंपनीला चूक कळवली आणि वर लेख लिहिला. असे हॅकर निघाल्यावर त्या व्यवसायाला बरे दिवस कसे यायचे?

पण खरा घाव घातला तो आतल्या माणसांनी. मालकाच्या गोटातलाच माणूस फसवणूक करू लागला, तर बाहेरच्या होतकरू हॅकरने कुठे जायचं?

‘अल्टिमेटबेट’ नावाची पोकर साईट होती. तिच्या यंत्रणेत अशी खाती निघाली, ज्यांना समोरच्याचे झाकलेले पत्ते दिसायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. साईटला परवाना देणाऱ्या कॅनडातल्या काह्नवाके गेमिंग कमिशनने चौकशी करून मुख्य जबाबदार म्हणून नाव घेतलं ते रस हॅमिल्टनचं, म्हणजे १९९४ च्या पोकर विश्वविजेत्याचं. त्या स्पर्धेचं ते रौप्यमहोत्सवी वर्ष होतं, म्हणून रोख बक्षिसाशिवाय त्याला त्याच्या वजनाइतकी चांदी मिळाली होती. रौप्यतुला झालेला माणूस पुढे काय करतो, याची आपल्याकडेही उदाहरणं आहेत. पण तो विषय वेगळा.

‘अ‍ॅब्सोल्यूट पोकर’मध्ये २००७ साली असंच झालं. तिथे तर हरलेल्या खेळाडूने डावांचा तपशील मागितला आणि कंपनीने चुकून सगळ्यांचे पत्ते असलेली अख्खी एक्सेल फाइलच त्याला धाडली. जगातली सगळी लबाडी एक्सेलमध्येच का उघडी पडते, यावर कुणीतरी प्रबंध लिहावा.

या सर्वांचा मुकुटमणी मात्र अमेरिकेतल्या आयोवाचा एडी टिप्टन. अनेक राज्यांची मिळून लॉटरी चालवणाऱ्या संस्थेत तो माहिती-सुरक्षेच्या खात्यात. पुढे त्या खात्याचा संचालकही झाला. म्हणजे लॉटरी हॅक होऊ नये म्हणून पगार घेणारा माणूस. त्याने आकडे काढणाऱ्या प्रोग्राममध्ये थोडा स्वतःचा मसाला घातला. एरवी सोडत अगदी सचोटीची. फक्त वर्षातल्या तीन ठरावीक तारखांना, ठरावीक वारी, रात्री आठनंतर आकडे आधी हेरता येतील इतपत आखलेले. त्यातली एक तारीख २९ डिसेंबर. २०१० साली त्या दिवशी १ कोटी ६५ लाख डॉलरचं बक्षीस फुटलं. तिकीट टिप्टनने स्वतःच, डोक्यावर हूड ओढून, पेट्रोल पंपावरच्या दुकानातून घेतलं होतं. सोबत खायला हॉट डॉगही घेतले. बक्षिसाला कुणी धनी पुढे येईना. मुदत संपायला काही तास उरले असताना बेलीझमधल्या एका ट्रस्टच्या वतीने वकील उगवला, पण तिकीट मुळात कुणी घेतलं, हे काही सांगेना. शेवटी दुकानातला व्हिडिओ पोलिसांनी जाहीर केला आणि सहकाऱ्यांनी टिप्टनचा आवाज ओळखला. २०१७ साली २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. कोट्यवधींची यंत्रणा वाकवणाऱ्याला त्या वेळी तिकिटाच्या रांगेत दुसरा माणूस उभा करायचं सुचलं नाही, हे मात्र आम्हाला अजून पटत नाही. आपल्याकडे गल्लीतला पोरगाही एवढं काम मित्राच्या मेहुण्याकडून करवून घेतो.

आपण मागे आहोत असं नाही. २०२३ साली नागपूरच्या एका व्यापाऱ्याने तक्रार दिली, की ऑनलाइन जुगारात आपले ५८ कोटी गेले. आरोप गोंदियाच्या बुकीवर. ॲपची दोरी त्याच्याच हातात होती म्हणे. छाप्यात कोट्यवधींची रोकड आणि किलोच्या हिशेबात सोनं सापडलं. यात हॅकर कुठे आहे? कुठेच नाही. दुकान त्याचं, तराजू त्याचा. मटक्याच्या काळी निदान चिठ्ठी मडक्यातून निघायची, आणि मडक्याला ॲडमिन पासवर्ड नसतो.

सरकार जागं आहे, हे नमूद केलं पाहिजे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तो स्वतःच स्वतःला देत असतो. त्याआधी महिनाभरच राज्याच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहात मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा. मग त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. सरकारला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?

तरी आशा चिवट असते. टेलिग्रामवर अजूनही ‘१०० टक्के हॅक’ विकणारे बसलेत. विमानाच्या खेळात विमान कधी उडून जाणार, रंगांच्या खेळात पुढचा रंग लाल की हिरवा, सगळं आधी सांगतो म्हणतात. वास्तविक विमानाच्या त्या खेळात निकाल सर्व्हरवर विमान उडण्याआधीच ठरतो. विमान उडतं ते आपल्या मनोरंजनासाठी. मोबाइलमधल्या हॅकच्या ॲपला तो निकाल कळायचा संबंधच नाही. पण अट वाचा: ‘आधी माझ्या लिंकवरून रजिस्टर करा, पैसे भरा, मग हॅक सुरू होईल.’ त्या लिंकवर भरलेल्या पैशांतून या भाऊसाहेबांना साईटकडून कमिशन. म्हणजे साईटला फसवायचं हत्यार साईटचाच एजंट विकतो.

आमच्या गल्लीतल्या एकाने धीर करून अशा एजंटला विचारलं, ‘भाऊ, तुला पुढचा आकडा कळतो, तर तू का नाही खेळत?’

उत्तर आलं, ‘दादा, घरी दोन लहान मुलं आहेत माझ्या.’