मंडळी, उजवीकडे बघा

मुंबई दर्शनच्या बसमधला गाइड पुढच्या काचेकडे पाठ करून उभा असतो. ज्या शहराची ओळख करून द्यायचे तो पैसे घेतो, ते शहर त्याच्या पाठीमागून येतं आणि त्याला दिसतं ते मागच्या काचेतून निघून जाताना. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आला हे त्याला तिसऱ्या रांगेतल्या काकूंची मान वर गेली की समजतं. त्यात आणखी भानगड अशी की त्याचं डावं ते आपलं उजवं. नवखा गाइड सुरुवातीला हमखास घोळ घालतो. विद्यापीठ दाखवतोय अशा समजुतीत अख्ख्या बसला ओव्हल मैदानावरचं क्रिकेट दाखवतो आणि टॉवरची सगळी माहिती एखाद्या फलंदाजाला लागू होते. मुरलेल्या गाइडच्या डोक्यात ही उलथापालथ आपोआप होत राहते. इतकी, की खाली उतरल्यावर कोणी 'संडास कुठे?' म्हणून विचारलं तर तो उजवीकडे हात करून 'डावीकडे' म्हणतो, आणि विचारणारा बिचारा घाईत असतो.

वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, गालात खोकल्याची गोळी. माईकला रुमाल गुंडाळलेला. त्या रुमालाची एक गाठ सैल होत आलेली असते आणि दर दोन थांब्यांनंतर तो ती दातांनी घट्ट करतो. सकाळी माईकवर दोनदा टिचकी मारून तो विचारतो, 'मागे आवाज येतोय का?' मागून कोणीतरी खोडसाळपणे 'नाही' म्हणतं. 'मग उत्तर कसं दिलंत?' हा दिवसाचा पहिला विनोद. बस हसते. ड्रायव्हर हसत नाही. ड्रायव्हरला सगळे विनोद पाठ आहेत, आणि एखादा फारच जुना असला तर नेमक्या शेवटच्या शब्दावर तो हॉर्न मारतो.

प्रवाशांची नावं तो विचारत नाही. त्याच्या हिशेबी बसमध्ये 'टोपीवाले काका' असतात, 'पिवळी साडी' असते, 'जालन्याची पार्टी' असते, 'नवं जोडपं' असतं. नवं जोडपं प्रत्येक ठिकाणी उशिरा येणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं, म्हणून त्यांना तो वेळच दहा मिनिटं अलीकडची सांगतो. आणि प्रत्येक बसमध्ये एक 'सर' असतात. हे निवृत्त शिक्षक. मांडीवर वही, वहीला बांधलेलं पेन, आणि प्रत्येक वास्तूपुढे एकच प्रश्न: 'साल?' गाइड लोकांना ट्रॅफिक पोलिसाची भीती वाटत नाही, सरांची वाटते. जुना गाइड त्यावर उपाय करतो. तो पहिल्याच थांब्यावर माईक सरांच्या तोंडापुढे धरतो. 'सर, तुम्हीच सांगा.' सर सांगतात. अर्धा इतिहास असा फुकटात निघतो.

गेटवे ऑफ इंडियापाशी मात्र त्याला कोणाची मदत लागत नाही, कारण ती हकिगतच मुळात विनोदी आहे. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ च्या डिसेंबरात मुंबईला उतरले. त्यांच्या स्वागतासाठी हा दरवाजा. पायाभरणी १९१३ साली, आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. राजाने प्रत्यक्षात पाहिली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. 'म्हणजे पाहुणे जेवून गेले आणि तेरा वर्षांनी दाराला तोरण लागलं,' गाइड म्हणतो. 'मुंबईतल्या कामाला उशीर का, असं विचारू नका मंडळी. ही पद्धत साहेबाची आहे.' मग थोडं थांबून, आवाज खाली आणून तो सांगतो की स्वातंत्र्यानंतर गोऱ्या फौजेची शेवटची तुकडी याच दरवाज्यातून निघून गेली, २८ फेब्रुवारी १९४८ ला. स्वागताला उपयोगी न पडलेली कमान निरोपाला उपयोगी पडली. इथे टाळ्या पडतात. आणि एवढं सगळं बिनचूक सांगून झाल्यावर तो तोंड ताज हॉटेलकडे वळवतो, आणि थापा सुरू होतात.

ही थाप तुम्हीही ऐकली असेल. ताज म्हणे उलटा बांधला गेला. इंग्रज आर्किटेक्ट नकाशे देऊन विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर दर्शनी बाजू मागे आणि मागची पुढे. धक्क्याने त्याने वरच्या मजल्यावरून उडी घेतली. गाइड मजलाही दाखवतो, खिडकीही दाखवतो. जालन्याची पार्टी तोंडात बोट घालते. आता खरी गोष्ट अशी की ताजचे मूळ वास्तुविशारद दोघे, सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्य काम पुरं व्हायच्या आधीच वारले आणि पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने ते तडीला नेलं. १९०३ च्या डिसेंबरात हॉटेल उघडलं. उलटंबिलटं काही नाही. खोल्यांना समुद्राचा वारा मिळावा आणि गाड्या मागून याव्यात, हा सरळ हिशेब होता. मला या थापेचा राग आहे तो एवढ्यासाठी, की मराठी माणसांनी भरलेल्या बसमध्ये उभं राहून एक मराठी गाइड एका मराठी माणसाचं काम एका काल्पनिक इंग्रजाच्या नावावर करतो, आणि वर त्या इंग्रजाबद्दल हळहळ गोळा करतो. हे मी एकाला एकदा बोलून दाखवलं. त्याला वैद्यांचं नाव ठाऊक होतं! 'साहेब,' तो म्हणाला, 'आजारी पडून गेले म्हणून सांगितलं तर खिडकीकडे कोण बघणार?'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खिडकीकडे बघायला लावणं हाच त्याचा धंदा.

इतिहास किती सांगायचा हे पुष्कळसं सिग्नलवर असतं. राजाबाई टॉवरच्या त्याच्याकडे तीन आवृत्त्या तयार असतात. सिग्नल हिरवा असेल तर, 'मोठा व्यापारी, आईच्या नावाने टॉवर, पुढे बघा.' लाल असेल तर प्रेमचंद रायचंद येतात, त्यांचा कापसाचा व्यापार येतो, विद्यापीठाला दिलेले दोन लाख रुपये येतात आणि टॉवरला आईचं नाव द्यायची अट येते. आणि पुढे एखादा मंत्री जाणार असेल, रस्ता अडवलेला असेल, तर स्वतः राजाबाई बसमध्ये चढतात. त्या आंधळ्या असतात, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचं असतं, घंटा ऐकली की वेळ कळणार असते. मंत्री लांबला तर आई आणि मुलगा यांचा संवाद सुरू होतो. दोन्ही आवाज गाइडचेच. पिवळ्या साडीच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि नेमका त्याच वेळी ताफा निघून जातो. हॉर्न.

'कोणी बांधला? साल?' सर विचारतात.

सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. काम पुरं झालं १८७८ ला. आराखडे इंग्लंडात बसून काढले, हा मनुष्य मुंबईला कधी आलाच नाही. गाइडला हा तपशील फार प्रिय आहे. 'त्याने मुंबई न बघता टॉवर बांधला, मी टॉवर न बघता दाखवतो. फी मात्र त्याला जास्त मिळाली.' हा विनोद त्याचा स्वतःचा असावा, कारण इथे ड्रायव्हर हॉर्न मारत नाही.

मरीन ड्राइव्हवर त्याचं काम सोपं. बस कुलाब्याकडून चौपाटीकडे चाललेली. 'उजवीकडे तारापोरवाला मत्स्यालय. बंद आहे. डावीकडे अरबी समुद्र. मासे तेच, तिकीट नाही.' लोक डावीकडे बघत बसतात. हा तेवढ्यात पाण्याच्या बाटलीतून दोन घोट घेतो आणि डोकी मोजतो. त्याचं मोजणं बघण्यासारखं असतं. बोट न हलवता, ओठ न हलवता, नुसत्या भुवईने, मागच्या सीटपासून पुढे. एक कमी भरला की मात्र चेहरा उतरतो. इतिहासातला राजा चुकला तर कोणी विचारत नाही, टोपीवाले काका चुकले तर त्यांचा अख्खा गाव विचारेल.

हँगिंग गार्डनला आजी-आजोबांची हमखास निराशा होते. नाव ऐकून जालन्याच्या आजी थेट कठड्याशी जातात आणि वाकून खाली बघतात. 'लटकतीय कुठं?'

'आजी, आपण तिच्यावरच उभे आहोत ना, म्हणून दिसत नाही.'

आजींना हे पटतं. खरं म्हणजे बाग लटकत नाही, पाण्याच्या प्रचंड टाकीवर पसरलेली आहे. तिचं खरं नाव फिरोजशहा मेहता उद्यान, आणि तिच्याखालचं पाणी दक्षिण मुंबईच्या नळांना जातं. सरांनी हे वहीत लिहून घेतलं की गाइड सुटकेचा श्वास टाकतो आणि सगळ्यांना समोरच्या कमला नेहरू पार्कात, म्हातारीच्या बुटाकडे पिटाळतो. बूट हा पोरांसाठी. पण पोरं दोन मिनिटांत कंटाळतात, आणि बुटाच्या नाकाशी फोटोसाठी भांडतात ते त्यांचे वडील. 'इतकी पोरं घेऊन ती म्हातारी बुटात राहायची,' गाइड सांगतो. 'मलबार हिलवर तिला बूट तरी परवडला.'

जेवणाचं थोडक्यात सांगतो, कारण जेवणही थोडकंच असतं. बस ज्या हॉटेलपुढे थांबते तेच मुंबईतलं सगळ्यात चांगलं. गाइड आणि ड्रायव्हर आतल्या बाजूला, पडद्यापलीकडे बसतात. पडदा वाऱ्याने उडाला की त्यांच्या ताटात कांदाभजी दिसते. आपल्या ताटात नसते.

दुपारनंतर बस पेंगते आणि गाइड इतिहास बंद करून भाव काढतो. पेडर रोडचा फ्लॅट, अल्टामाउंट रोडवरचं सत्तावीस मजली घर. त्या घराच्या विजेचं बिल तो दर खेपेला नवीन सांगतो, आणि दर खेपेला ते वाढलेलं असतं. रक्कम ऐकून झोपलेले काका उठून बसतात. हाजीअलीला तो समुद्र बघून ठरवतो, भरती असली की दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते, मग नमस्कार बसमधूनच. सिद्धिविनायकाला रांग बघून ठरवतो, तिथलाही नमस्कार बऱ्याचदा बसमधूनच. सी-लिंकवर सगळे मोबाइल बाहेर काढतात, आणि वांद्र्याला, जुहूला नटांचे बंगले सुरू झाले की बस पुन्हा सकाळसारखी ताजी होते. इथे गाइडला फार बोलावं लागत नाही. तो नुसतं म्हणतो, 'पडदा हलला!' अर्धी बस शपथेवर सांगते की हात दिसला. सरसुद्धा वही मिटून काचेला नाक लावतात, आणि साल विचारत नाहीत.

जुहूच्या वाळूत पाय भरून लोक परत चढतात तेव्हा ड्रायव्हर दिवसातलं पहिलं वाक्य बोलतो, 'पाय झटकून चढा.' मग ड्रायव्हरच्या टोपीसारखी एक टोपी सीटांमधून फिरते. गाइड त्या वेळी खिडकीबाहेर बघतो. दिवसभरात तो खिडकीबाहेर बघतो तो एवढाच.

रात्री दादर. बस थांबायच्या आधी तो माईकचा रुमाल सोडून खिशात घालतो, आणि माईकशिवाय, साध्या आवाजात बोलायला लागतो. आता त्यात विनोद नसतो, आईचा आवाज नसतो, थापही नसते. 'जालनावाले, रात्रीची गाडी आहे ना? लोकलच्या पुलावर गर्दीत पोरांचा हात सोडू नका. आजींना मधे घ्या. हार्बरला जायचं असेल तर इथून नाही, कुर्ल्याला बदला. फास्टमध्ये चढायला जाऊ नका, सामान आहे तुमच्याकडे. आणि फलाटाचं नीट ऐका. पूर्वी दादरला एक नंबर दोन होते, पश्चिम रेल्वेचा वेगळा, मध्य रेल्वेचा वेगळा. ९ डिसेंबर २०२३ पासून तसं नाही. पश्चिमचे एक ते सात, मध्यचे आठ ते चौदा. कोणी जुन्या माणसाने जुना नंबर सांगितला तर ऐकू नका.'

गेटवेनंतर दिवसभरात न विचारता आलेली ही पहिली तारीख. सर वही उघडतात.

'नऊच ना? नक्की?'

'नक्की म्हणजे काय सर, त्या दिवशी माझी बदलापूर सुटली.'